‘सापडले नाही’ असे केव्हा म्हणावे?

फळ्यावर वीसपंचवीस ‘व’ अस्ताव्यस्त विखरून लिहावेत आणि त्यांत कोठेतरी एक ‘ब’ घालावा. वर्गाला डोळे मिटायला सांगून मग एकदम उघडायला लावले, तर बहुतेकांचे बोट लगेच ‘ब’कडे जाईल अशी अपेक्षा आहे. आता उलट करावे. सगळे ‘ब’ आणि त्यांत एकच ‘व’. ह्या वेळी नजर फळ्यावर भटकत राहील. दोन्ही वेळा अक्षरे तीच आणि त्यांतला फरकही तोच, पोटातली एक तिरपी रेघ. पण रेघ असलेले अक्षर रेघ नसलेल्यांच्या गर्दीतून उठून दिसते. रेघ नसलेले अक्षर मात्र रेघवाल्यांच्या गर्दीत दडून राहते. ट्रीझमन आणि साउदर ह्या संशोधिकांनी १९८५ मध्ये साधी वर्तुळे आणि छेदणारी रेघ असलेली वर्तुळे वापरून हीच गोष्ट दाखवली होती. आपल्या लिपीत ती आयतीच उपलब्ध आहे. ‘प’ आणि ‘ष’ ही जोडीही चालेल.

गर्दीतून हवी ती वस्तू डोळा कशी शोधून काढतो, हा प्रायोगिक मानसशास्त्रातला गेल्या पन्नाससाठ वर्षांतला एक फार लाडका प्रश्न आहे. त्याला दृश्य शोध असे म्हणू. जी वस्तू शोधायची ती लक्ष्य आणि भोवतालची बाकीची गर्दी म्हणजे विचलके. ह्या विषयावरचे लोकप्रिय लेखन वाचताना आम्हाला नेहमी एक उणीव जाणवते. लक्ष कोठे वळते, ह्याचे वर्णन त्यात भरपूर असते. शोध केव्हा थांबतो, ह्याविषयी मात्र जवळजवळ काही नसते. ही उणीव केवळ लोकप्रिय लेखनाची नाही. मूळ सिद्धांतांच्या जडणघडणीतच ती होती, आणि तिची किंमत प्रयोगशाळेबाहेर मोजावी लागते. म्हणून त्या सिद्धांतांची येथे थोडी तपासणी करावयाची आहे.

सुरुवात अर्थातच अ‍ॅन ट्रीझमन (१९३५–२०१८) यांच्यापासून करावी लागेल. त्यांनी आणि जेलेड यांनी १९८० मध्ये ‘कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी’ ह्या नियतकालिकात एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की रंग, रेषेचा कल असे सुटे गुणविशेष डोळ्यांसमोरच्या सगळ्या क्षेत्रात एकाच वेळी, विनासायास टिपले जातात. पण ‘हिरवा रंग’ आणि ‘टी हा आकार’ हे दोन्ही एकाच वस्तूचे आहेत, हे ठरवायला त्या जागी अवधान न्यावे लागते, आणि अवधान एका वेळी एकाच जागी जाते. अवधान हा जणू सुट्या गुणांना चिकटवणारा डिंक.

प्रयोग अगदी साधा होता. तपकिरी ‘टी’ आणि हिरवे ‘एक्स’ यांच्या गर्दीत एक हिरवा ‘टी’ शोधायचा. एकूण अक्षरे कधी १, कधी ५, कधी १५, तर कधी ३०. प्रत्येक वाढीव अक्षरामागे उत्तराला किती उशीर होतो ते मोजले. लक्ष्य चित्रात असेल तेव्हा हा उशीर सुमारे २९ मिलिसेकंद निघाला, नसेल तेव्हा सुमारे ६७. लक्ष्य असेल तर सरासरीने निम्मी अक्षरे तपासून होताच ते सापडणार. नसेल तर सगळी तपासावी लागणार. म्हणून दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट यायला हवा आणि तो साधारण तसा, किंबहुना थोडा जास्तच, आला. उलट, फक्त निळे अक्षर शोधायचे असेल तर अक्षरे पाच असोत की तीस, वेळेत फारसा फरक पडत नाही.

ह्या कामाचे मोल कमी लेखू नये. अवधान हा शब्द त्यापूर्वी शेकडो वर्षे वापरात होता, पण तो बव्हंशी आत्मनिरीक्षणाचा शब्द होता. उल्रिक नायसर यांनी १९६०च्या दशकात अक्षरांच्या याद्यांवर शोधाचे वेळ मोजून वाट दाखवली होती. ट्रीझमन यांनी त्या वाटेवर आलेखाचा चढ हे माप रोवले. ज्या प्रश्नावर तत्त्वज्ञ भांडत होते तो घड्याळ आणि आलेखकागद यांच्या आवाक्यात आला. एखाद्या सिद्धांताने ह्याहून अधिक काय करावे? आणि पुढे जे टीकाकार आले त्यांनी ट्रीझमन यांना खोडून काढले तेही त्यांच्याच आलेखाच्या भाषेत.

पहिली टीका झाली ती शोधाच्या दोन कप्प्यांवर. ‘एकदम दिसणारे’ आणि ‘एकेक करून तपासावे लागणारे’ अशी काटेकोर विभागणी टिकली नाही. एगेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले की लाल वस्तू शोधणारा माणूस काळ्यांकडे बघतच बसत नाही; काळ्या वस्तू कितीही वाढवल्या तरी तो लाल तेवढ्याच चाळतो. १९८९ मध्ये डंकन आणि हम्फ्रीज यांनी म्हटले की लक्ष्य विचलकांशी जितके मिळतेजुळते आणि विचलके आपसात जितकी निरनिराळी, तितका शोध अवघड; मध्ये कप्पे नाहीत, उतार आहे. त्याच वर्षी जेरेमी वुल्फ, केव्ह आणि फ्रान्झेल यांनी ‘मार्गदर्शित शोध’ हा पर्यायी सिद्धांत मांडला. पावसाळ्यात वर्गाबाहेर पडलेल्या छत्र्यांच्या ढिगात आपली काळी, लाकडी मुठीची छत्री शोधताना आपण काय करतो? फुलाफुलांच्या छत्र्या आपोआप गळतात, काळ्या उरतात, त्यांतल्या वाकड्या मुठींकडे नजर जाते. रंग एक खूण देतो, आकार दुसरी. दोन्ही खुणा मिळून एक प्रकारचा नकाशा तयार होतो आणि अवधान त्यावरच्या सर्वांत उंच टेकडीपासून सुरुवात करते. अवधानाला प्रकाशझोताची उपमा देण्याची पद्धत आहे. ती वाईट नाही, पण टॉर्च कोठे रोखायचा हे टॉर्चला कळत नसते. वुल्फ यांनी नेमका तेवढाच भाग सिद्धांतात भरला. पुढे ते आपल्या सिद्धांताची सतत दुरुस्ती करत राहिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रूपाला त्यांनी सहावी आवृत्ती म्हटले आहे. त्यात रंग-आकारांबरोबर दृश्याची रचना, आधीचा अनुभव आणि वस्तूचे मोल ह्यांनाही जागा आहे. चहाचा डबा आपण फळीवर शोधतो, छतावर नाही, एवढे साधे ज्ञान सिद्धांतात यायला बरीच वर्षे लागली. कोऱ्या पडद्यावर अक्षरे विखुरलेली असतात, तेथे छत आणि फळी हा भेदच नसतो ना!

दुसरी टीका अधिक मुळावर जाते. जागरूकपणे शोधताना आपला डोळा सेकंदाला साधारण तीन ते चार उड्या मारतो; म्हणजे एका जागी तो पाव सेकंद किंवा थोडा अधिक थांबतो. तेव्हा एका अक्षरामागे ६७ मिलिसेकंद ह्याचा अर्थ एका थांब्यात तीनचार अक्षरे उरकली, असा होतो. ट्रीझमन यांचे अनुयायी म्हणतील की डोळा स्थिर असतानाही अवधान आतल्या आत एकाहून दुसऱ्या अक्षरावर जाते. हुलेमन आणि ओलिव्हर्स यांनी २०१७ मध्ये विचारले की अशी अदृश्य उडी मानायचीच कशाला? शोधाचे एकक वस्तू नसून नजरेचा एक थांबा आहे आणि त्या थांब्यात जेवढे क्षेत्र मावते तेवढे एकत्र तपासले जाते, असे त्यांचे प्रतिपादन. हा वाद मिटलेला नाही. आमचे मत विचाराल तर झाडाची पाने, वाळूतले खडे किंवा क्ष-किरण चित्रातल्या सावल्या यांच्या बाबतीत ‘एकूण वस्तू किती’ हा प्रश्नच विचारता येत नाही. तेथे थांब्यांचा हिशेबच उपयोगी पडेल.

पण ह्या दोन्ही टीकांमध्ये एक गोष्ट तशीच राहून गेली. ट्रीझमन यांच्या आलेखातली दुसरी रेषा पुन्हा पाहावी, लक्ष्य नसतानाची. तेथे असे गृहीत धरले आहे की शोधणारा सगळी अक्षरे तपासतो आणि मग ‘नाही’ म्हणतो. हे खरे कशावरून? शोधणाऱ्याला यादी दिलेली नसते. कोणती जागा बघून झाली ह्याची नोंदही मेंदू फारशी चोख ठेवत नाही. १९९८ मध्ये हॉरोविट्झ आणि वुल्फ यांनी तर दृश्य शोधाला स्मृतीच नसते असा दावा केला होता. तो दावा पुढे अतिरेकी ठरला, पण नोंदवही अपुरी असते एवढे त्यातून शिल्लक राहिले. मग ‘नाही’ हे उत्तर संपूर्ण तपासणीतून येत नाही. आतापर्यंत पाहिले तेवढे पुरे, असा निर्णय कोठेतरी होतो. तो निर्णय कशावर अवलंबून असतो?

प्रयोगशाळेत हे उघडे पडले नाही ह्याला एक कारण होते. अशा प्रयोगांत साधारणपणे निम्म्या चित्रांत लक्ष्य असते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते सोयीचे आहे. पण विमानतळावर पिशव्यांची क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्याला निम्म्या पिशव्यांत शस्त्र मिळत नाही, आणि निरोगी स्त्रियांच्या तपासणी शिबिरात स्तनाच्या कर्करोगाच्या खुणा हजारी काही थोड्या जणींतच सापडतात. वुल्फ, हॉरोविट्झ आणि केनर यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटासा लेख लिहिला. पिशव्यांच्या चित्रांसारख्या धूसर पार्श्वभूमीवर एकमेकींवर आलेल्या वस्तूंतून हत्यारे-अवजारे शोधायची होती. निम्म्या चित्रांत लक्ष्य असताना लोकांच्या नजरेतून ७ टक्के लक्ष्ये सुटली. दहा टक्के चित्रांत असताना १६ टक्के सुटली. एक टक्का चित्रांत असताना ३० टक्के. चित्रे तशीच, डोळे तसेच. शोधायची गोष्ट दुर्मीळ झाली एवढ्यानेच चुका चौपट झाल्या. ह्यात सर्वांत बोलकी बाब म्हणजे वेळ: लक्ष्य दुर्मीळ असताना ‘नाही’ हे उत्तर ‘सापडले’ ह्या उत्तरापेक्षाही लवकर यायला लागले. म्हणजे ट्रीझमन यांच्या दोन रेषांचा क्रमच उलटला.

ह्या निष्कर्षावर आक्षेप आला नसता तरच नवल. फ्लेक आणि मिट्रॉफ यांनी २००७ मध्ये म्हटले की ‘नाही’चे बटण सवयीने दाबले जाते, आधीचे उत्तर दुरुस्त करण्याची मुभा दिली तर अशा चुका जवळजवळ नाहीशा होतात. हात चुकतो, डोळा नाही. आक्षेप चांगला होता आणि सोप्या चित्रांना तो लागूही पडतो. पण गुंतागुंतीच्या चित्रांत दुरुस्तीची मुभा देऊनही बऱ्याच चुका उरतात, असे पुढच्या प्रयोगांत दिसले. वुल्फ यांच्या गटाने मग असा उपाय करून पाहिला की मधूनमधून लक्ष्यांनी भरलेल्या चित्रांची एक छोटी फेरी द्यायची आणि त्या फेरीत चूक-बरोबर लगेच सांगायचे. त्याचा काही काळ उपयोग झाला. विमानतळांवरच्या यंत्रांत खोट्या शस्त्रांची चित्रे अधूनमधून मिसळण्याची जी पद्धत आहे तिचेही तर्कशास्त्र बरेचसे असेच आहे.

येथे एक आडवळण घेतो, कारण मानसशास्त्राच्या बाहेर ह्या प्रश्नाची चाहूल फार आधी लागली होती. डच पक्षितज्ज्ञ ल्यूक टिनबर्गन (नोबेलविजेते निको टिनबर्गन यांचे धाकटे बंधू) यांनी पाइनच्या जंगलात वल्गुली जातीचे पक्षी पिलांना कोणते किडे भरवतात ह्याची नोंद ठेवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १९६० मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. एखादी अळी हंगामाच्या सुरुवातीला दुर्मीळ असते तेव्हा ती पक्ष्यांच्या चोचीत तिच्या संख्येच्या मानाने फारच कमी येते. संख्या वाढली की अचानक भरपूर येऊ लागते. टिनबर्गन म्हणाले की वारंवार गाठ पडल्यावर पक्ष्याच्या मनात त्या भक्ष्याची ‘शोधप्रतिमा’ तयार होते. १९८७ मध्ये गिलफर्ड आणि मॅरियन डॉकिन्स यांनी ह्याला हरकत घेतली: कदाचित प्रतिमा वगैरे काही नाही, दडलेले भक्ष्य शोधताना पक्षी फक्त आपला वेग कमी करतो. म्हणजे पक्ष्यांच्या बाबतीतही वाद त्याच दोन टोकांमध्ये झाला, कशाकडे बघायचे आणि किती वेळ बघायचे. दोन्ही क्षेत्रांतल्या लोकांनी एकमेकांचे लेखन आधी वाचले असते तर बरे झाले असते, असे आम्हाला वाटते.

आता एक असे उदाहरण पाहू, ज्यात शोधाच्या दोन्ही बाजूंची व्यवस्था मानसशास्त्रज्ञांची वाट न बघता लावली गेली. क्षयरोगाच्या निदानासाठी थुंकीचा नमुना काचपट्टीवर पसरून झील-नीलसन पद्धतीने रंगवतात. १८८०च्या दशकातली ही पद्धत. लाल रंग जंतूच्या आवरणात मुरतो, आम्लाने धुतल्यावरही जात नाही. बाकी सगळे मग निळे रंगवले जाते. परिणाम असा की निळ्या पसाऱ्यात लाल काड्या दिसतात. ट्रीझमन यांच्या भाषेत सांगायचे तर अवघड शोधाचे रूपांतर एका गुणविशेषाच्या सोप्या शोधात झाले. कोठे बघायचे, हा प्रश्न रंगाने सोडवला.

पण जंतू फार थोडे असतील तर? शंभर दृश्यक्षेत्रांत मिळून एक ते नऊ जंतू दिसले तर त्या काचपट्टीला ‘अल्प’ अशी वेगळी श्रेणी आहे. अशा पट्टीची बहुसंख्य क्षेत्रे रिकामीच असतात आणि जंतू लाल असूनही समोर आलेलेच नसतात. म्हणून आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या ह्या तपासणीत नियम असा की किमान शंभर क्षेत्रे पाहिल्याशिवाय ‘जंतू नाहीत’ असे लिहायचे नाही. कामाचा ताण, दिवसभरातल्या रिकाम्या पट्ट्या, ‘हीही तशीच असणार’ हा अंदाज, ह्या सगळ्यांच्या हातातून थांबण्याचा निर्णय काढून घेऊन तो एका आकड्याकडे सोपवला आहे. आता ह्या तपासणीची जागा मोठ्या प्रमाणावर रेणवीय चाचण्या घेत आहेत, पण नियमातला शहाणपणा त्याने जुना होत नाही. अर्थात शंभर क्षेत्रांखालून नजर फिरली म्हणजे शंभर क्षेत्रे दिसली असे नव्हे. म्हणूनच काही पट्ट्या पहिला निष्कर्ष न सांगता दुसऱ्याकडून तपासून घेण्याचीही पद्धत आहे.

नजर फिरणे आणि दिसणे ह्यांतल्या अंतराचा एक प्रयोग फार गाजला. ड्रू, व्हो आणि वुल्फ यांनी २०१३ मध्ये फुप्फुसाच्या सीटी चित्रांत गाठींच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठे गोरिलाचे चित्र घातले. चोवीस क्ष-किरणतज्ज्ञांपैकी वीस जणांना ते दिसले नाही आणि त्या वीसपैकी बारा जणांची नजर थेट त्या जागी पडून गेली होती. वृत्तपत्रांनी ह्याची बातमी ‘तज्ज्ञही आंधळे’ अशा सुरात दिली. हे अन्यायाचे आहे. त्याच प्रयोगात तज्ज्ञांनी गाठी शोधल्या ५५ टक्के, अप्रशिक्षितांनी फक्त १२ टक्के, आणि गोरिला तर एकाही अप्रशिक्षिताला दिसला नाही. तज्ज्ञ लहान, गोल, पांढरट गाठी शोधत होते आणि त्या कामात ते इतरांहून कितीतरी सरस होते. प्रयोगातून निघते ते एवढेच की मार्गदर्शन जितके चांगले तितके मार्गाबाहेरचे अदृश्य. रुग्णाच्या दृष्टीने हे गंभीर आहेच, कारण गाठी शोधताना शेजारच्या बरगडीतला बिघाड निसटू शकतो. पण त्याचे उत्तर ‘अधिक लक्ष द्या’ हे असू शकत नाही.

वर्गात आपण तेच उत्तर देतो. ‘नीट बघ’ ह्या आज्ञेत कोठे बघायचे हेही नसते आणि किती वेळ बघायचे हेही नसते. कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी पहिल्यांदा पाहणारी मुले हवेच्या बुडबुड्याचे चित्र काढतात, हे विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने पाहिले असेल. बुडबुड्याची काळी ठसठशीत कड सर्वांत उठून दिसते. नजर तिकडे जाणारच. सॅफ्रानिन घालून आपण पेशीभित्तिका आणि केंद्रक ठळक करतो, म्हणजे मार्गदर्शनाची सोय करतो. पण ‘पट्टी पाच ठिकाणी सरकवून पाहिल्याशिवाय चित्र काढायचे नाही’ असा थांबण्याचा नियम सहसा कोणी देत नाही. तो द्यायला काहीच खर्च नाही.

दुर्मीळतेचा परिणाम वर्गात पाहायचा असेल तर जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे पत्ते पुरतात. चाळीस पत्त्यांचे दोन गठ्ठे करावेत. प्रत्येक पत्त्यावर पंचवीसेक ‘ब’ विखुरलेले. पहिल्या गठ्ठ्यात वीस पत्त्यांवर एकेक ‘व’ असावा, दुसऱ्यात फक्त दोन पत्त्यांवर. मुलांना हे आकडे सांगू नयेत. अर्ध्या मुलांनी पहिल्या गठ्ठ्यापासून सुरुवात करावी, अर्ध्यांनी दुसऱ्यापासून. दुसऱ्या गठ्ठ्यात एका मुलाला चुकण्याची संधी दोनच वेळा मिळते, तेव्हा एकेकाची टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. तीस मुलांच्या साठ संधी एकत्र करूनच सुटलेल्या ‘व’चे प्रमाण काढावे आणि मग ते पहिल्या गठ्ठ्याशी ताडून पाहावे. घड्याळ असल्यास ‘व’ नसलेल्या पत्त्यांना लागलेला वेळ वेगळ्या रकान्यात लिहावा. आमच्या मते खरी माहिती त्याच रकान्यात मिळेल: दुसऱ्या गठ्ठ्यात, विशेषतः पंधराव्या-विसाव्या पत्त्यानंतर, हा वेळ घटत जातो का ते पाहावे. ज्या मुलाचा घटत नाही त्याला, तो काय करत होता, हे अवश्य विचारावे.